बिनपरवान्याचा मिस्त्री आणि त्याची मजुरी

भंडारा जिल्ह्यात सात तालुके आहेत : भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर. या सातही तालुक्यांत खासगी घर बांधून देणाऱ्या मिस्त्रीला किंवा ठेकेदाराला ‘घर बांधण्याचा परवाना’ देणारे एकही कार्यालय नाही. औषधाच्या दुकानाला परवाना लागतो, दारूच्या दुकानाला लागतो, ऑटो चालवायला लागतो. ज्या स्लॅबखाली एक कुटुंब तीस-चाळीस वर्षे झोपणार, तो स्लॅब टाकणाऱ्याला मात्र लागत नाही. नगर परिषदेच्या हद्दीत नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो, त्यावर वास्तुविशारदाची किंवा परवानाधारक अभियंत्याची सही लागते. गावठाणात ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५२ आहे, म्हणजे तिथेही परवानगी आहेच. पण ही सगळी परवानगी इमारतीची. वीट रचणाऱ्या हाताला कोणी कागद विचारत नाही.

तरीही पैशांवरून बिनसले की हाच कागद आठवतो. घर उभे राहते, वास्तुशांत होते, जेवणावळ उठते, शेवटचा हप्ता मागायला मिस्त्री गेला की ऐकायला मिळते, “तुझ्याकडे लायसन आहे का? जा, कर केस.” बरेच मिस्त्री या एका वाक्याने गप्प बसतात. त्यांना वाटते, परवाना नाही म्हणजे हक्कही नाही.

ही समजूत भारतात चुकीची आहे. मजा म्हणजे जगात काही ठिकाणी ती शंभर टक्के बरोबर आहे, आणि ती इतकी कडक आहे की वाचताना विश्वास बसत नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात ठेकेदाराला राज्य मंडळाचा परवाना घ्यावाच लागतो. किरकोळ कामाला सूट आहे. ती मर्यादा अनेक वर्षे ५०० डॉलर होती, २०२५ पासून १,००० डॉलर झाली. त्याहून मोठे काम बिनपरवाना केले तर तिथल्या कायद्याच्या कलम ७०३१ प्रमाणे ठेकेदाराला मोबदल्यासाठी दावाच लावता येत नाही. काम उत्तम झाले होते, मालकाला सारे ठाऊक होते, या सबबी चालत नाहीत. एवढ्यावर भागत नाही. मालकाने आधी दिलेले पैसेही तो परत मागू शकतो आणि बांधलेले घर स्वतःकडेच ठेवू शकतो. १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हायड्रोटेक नावाच्या न्यूयॉर्कच्या कंपनीचा खटला आला. पाम स्प्रिंग्ज या वाळवंटी गावातल्या जलक्रीडा केंद्रात कृत्रिम लाटा उठवणारे यंत्र या कंपनीने बसवून दिले होते. सौदा साडेआठ लाख डॉलरचा. त्यातले १ लाख १० हजार मालकाने दाबून ठेवले. कंपनीचे म्हणणे असे की, पैसे द्यायचेच नाहीत हे मनात धरून आम्हाला कामाला लावले, ही फसवणूक आहे. न्यायालयाने सांगितले, असेल. पण परवाना नव्हता, पैसे मिळणार नाहीत. लाटा उठत राहिल्या.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने थोडी दया दाखवली आहे. तिथे बिनपरवाना बांधकाम करणाऱ्याला साहित्याचे आणि त्याने लावलेल्या मजुरांचे रास्त पैसे मिळू शकतात. त्याचा नफा आणि त्याच्या स्वतःच्या हाताची मजुरी मात्र वजा होते. आता आपल्याकडचा ‘माल मालकाचा, हात माझे’ या बोलीवर काम करणारा मिस्त्री डोळ्यांपुढे आणा. त्याच्याकडे विकायला हातांशिवाय काही नसतेच. क्वीन्सलँडच्या हिशेबाने त्याच्या पदरात भोपळा.

इंग्लंडने दुसऱ्या महायुद्धानंतर असाच अनुभव घेतला. विटा, लाकूड, सिमेंट यांची टंचाई होती, म्हणून ठरावीक रकमेपलीकडच्या बांधकामाला सरकारी परवाना लागे. १९५५ मध्ये गाजलेल्या एका खटल्यात सिनकॉक नावाच्या वास्तुविशारदाने स्ट्राँगमन या छोट्या बांधकाम कंपनीला सांगितले, परवाने मी आणतो, तुम्ही काम करा. परवाने आले २,१५० पौंडांचे, काम झाले ६,९०५ पौंडांचे. त्याने २,९०० पौंड दिले आणि उरलेल्यासाठी हात वर केले : परवान्याबाहेरचे काम बेकायदा आहे, बेकायदा कामाचे पैसे कसले? न्यायालयाला करारानुसार पैसे देता येईनात, कारण कायदा आडवा येत होता. तेव्हा न्यायाधीशांनी बाजूची वाट काढली. ‘परवाने मी आणतो’ हे सिनकॉकचे आश्वासन म्हणजे एक वेगळा, कायदेशीर करार ठरवला आणि तो मोडल्याची भरपाई म्हणून बांधकामवाल्यांना त्यांचे पैसे मिळवून दिले.

त्याही आधी, १८४५ मध्ये, इंग्लंडमध्येच तंबाखूच्या एका व्यापाऱ्याचा खटला झाला होता. त्याच्याकडे परवाना नव्हता, दुकानावर कायद्याने सांगितल्याप्रमाणे नाव रंगवलेले नव्हते. गिऱ्हाइकाने माल उचलला आणि पैसे द्यायला नकार दिला. न्यायालयाने व्यापाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. कारण असे : हा परवाना सरकारच्या महसुलासाठी आहे. तो चुकवला तर सरकारने दंड करावा. गिऱ्हाइकाला फुकट तंबाखू मिळावी हा काही त्या कायद्याचा हेतू नव्हे. परवाना कशासाठी आहे, लोकांच्या जिवाच्या रक्षणासाठी की तिजोरीसाठी, हा प्रश्न तेव्हापासून अशा सगळ्या वादांत पहिला विचारला जातो. भारतीय न्यायालयांनीही तो उचलला. आपल्या जीएसटी कायद्यात, नोंदणी नसलेल्या माणसाने केलेल्या कामाचा करारच रद्द होतो असे कुठे लिहिलेले नाही. नोंदणी करायला हवी होती आणि केली नाही, तर कर खाते त्याला पाहून घेईल. मालकाला त्यात बोलायला जागा नाही.

आता आपल्या घरी येऊ. भारताचा करार कायदा १८७२ चा. त्यात कलम ७० आहे, आणि मिस्त्रीचा खरा कैवारी तेच. साध्या भाषेत त्याचा अर्थ असा : एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही काम केले किंवा काही वस्तू दिली, ते फुकट करायचा त्याचा इरादा नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यावा किंवा वस्तू परत करावी. लेखी करार हवा असे त्यात नाही. मुळात करारच हवा असेही नाही. झालेले बांधकाम परत करता येत नाही, तेव्हा उरतो तो मोबदला.

या कलमात किती दम आहे हे १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाखवले, तेही एका बांधकाम ठेकेदाराच्याच खटल्यात. हकीकत १९४४ ची, बंगालमधली. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने बंगाल होरपळून निघाला होता आणि नागरी पुरवठा खात्याला गोदामे हवी होती. बी. के. मंडल अँड सन्स या फर्मने आरामबाग इथे तात्पुरती गोदामे बांधली, त्याचे पैसे मिळाले. काम चालू असतानाच तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याने आणखी काही सांगितले : एक कच्चा रस्ता, पहारेकऱ्याची खोली, कार्यालय, स्वयंपाकघर, कारकुनांसाठी खोली. बिल २,३२२ रुपये ८ आणे. मग खात्याचे दुसरे अधिकारी आले, त्यांनी खानाकुल इथे गोदामे बांधायला सांगितली. ते बिल १७,००३ रुपयांचे. दोन्ही कामे झाली, सरकारने ती वापरली आणि पैसे दिले नाहीत.

सरकारचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने पक्का होता. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम १७५ प्रमाणे सरकारचा करार ठरावीक नमुन्यात, गव्हर्नरच्या नावाने, अधिकार दिलेल्या माणसाच्या सहीने व्हायला हवा. इथे तसे काही झाले नव्हते. म्हणजे करारच नाही. मग पैसे कशाचे? खालच्या न्यायाधीशांपासून वरपर्यंत सगळ्यांनी मान्य केले की करार नाही. आणि तरीही सगळ्यांनी ठेकेदाराला १९ हजार ३२५ रुपये देवविले, कलम ७० खाली.

सर्वोच्च न्यायालयातले मुख्य निकालपत्र लिहिले ते न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी. साताऱ्यात जन्मलेला हा माणूस पुढे भारताचा सरन्यायाधीश झाला. त्यांच्या निकालपत्रातली मेख पाहण्यासारखी आहे. त्यांनी सांगितले की कलम ७० चा दावा हा करार पाळण्याचा दावा नाहीच. ज्याने काम केले तो ‘ठरलेले द्या’ असे म्हणत नाही, तर ‘तुम्ही जे घेतले त्याचे द्या’ असे म्हणतो. आणि समोरच्याला नाही म्हणायची संधी असते. न विचारता कोणी आपल्या घराची डागडुजी करायला लागला तर त्याला थांबवता येते, वस्तू आणून ठेवली तर परत करता येते. थांबवले नाही, परत केले नाही, उलट आनंदाने वापरले, तर मग देणे लागते.

पण कायद्याची ही वाट इथवर आली त्याच्या सात वर्षे आधी भंडाऱ्याने तिला एक जबर वळण दिले होते, आणि त्यात बांधकाम नव्हते, बिडी होती.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा मध्य प्रदेशातला लोकसभेचा दोन जागांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले. ते मूलजी सिका अँड कंपनी या बिडी बनवणाऱ्या फर्मचे भागीदार होते, आणि ही फर्म सैनिकांच्या कँटीनसाठी सरकारला बिड्या पुरवत होती. सरकारशी करार असलेल्या माणसाला उमेदवार होता येत नव्हते. मोरेश्वर परशराम यांनी आव्हान दिले. जसानींच्या बाजूने झालेला युक्तिवाद अफलातून होता : राज्यघटनेच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे सरकारी करार राष्ट्रपतींच्या नावाने, ठरल्या नमुन्यात व्हावा लागतो, आमचा तसा झालेलाच नाही, म्हणजे करारच नाही, म्हणजे अपात्रताही नाही. बंगालमध्ये सरकार जे म्हणत होते तेच इथे व्यापारी म्हणत होता.

९ फेब्रुवारी १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले, म्हणजे या भागातली व्यवहाराची रीत त्यांच्या परिचयाची. त्यांचे म्हणणे, शेकडो सरकारी अधिकारी रोज लहानसहान सौदे तोंडी किंवा पत्राने करतात. ते सगळे केवळ नमुना चुकला म्हणून शून्य ठरवणे घातक होईल. असा करार सरकारवर लादता येत नसला तरी तो अस्तित्वातच नाही असे म्हणता येणार नाही. जसानी अपात्र ठरले. त्याच निकालात आणखी एक प्रश्न सुटला. राखीव जागेसाठी अर्ज भरणारे गंगाराम ठवरे महानुभाव पंथात गेले होते, म्हणून ते महार राहिले नाहीत असे ठरवून त्यांचा अर्ज फेटाळला होता. तो चुकीने फेटाळला, असे न्यायालयाने म्हटले. सगळी निवडणूकच रद्द झाली.

मग १९५४ मध्ये भंडाऱ्यात पोटनिवडणूक लागली. तिच्या राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभूत झाले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेबांची भंडाऱ्याची लढत विदर्भात आजही सांगितली जाते. त्या निवडणुकीची एक कळ बिड्यांच्या बिननमुन्याच्या सौद्यात होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

बोस यांचा उदार दृष्टिकोन पुढे तसाच टिकला नाही. १९६१ च्या भिकराज जयपुरिया खटल्यात आणि १९६८ च्या मूलमचंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी कराराचा नमुना सक्तीचा आहे. तो पाळला नाही तर करार मागाहून मान्यही करता येत नाही. म्हणून मग कलम ७० चे महत्त्व आणखी वाढले. आज जिल्हा परिषदेच्या किंवा बांधकाम खात्याच्या साहेबाने ‘तू काम करून टाक, ऑर्डर मागून काढू’ म्हणून सांगितलेले काम ज्याने केले, त्याच्या हातात शेवटी हीच एक दोरी राहते. बांधकाम खात्याची ठेकेदार नोंदणी आणि तिचे वर्ग हा निविदेत उतरण्याचा दाखला आहे, बांधकाम करण्याचा परवाना नव्हे. दोरी आहे, पण तिच्यावर लोंबकळत आयुष्य काढू नये. मंडल यांना १९४४ च्या कामाचा अखेरचा शब्द १९६१ मध्ये मिळाला.

खासगी घरांच्या बाबतीतही तोच न्याय लागतो. त्याच काळातल्या सुब्रमण्यम विरुद्ध थयप्पा या खटल्यात घर बांधणाऱ्या ठेकेदाराने कराराबाहेरचे जादा काम केले होते. त्यासाठी वेगळा तोंडी करार झाला असे तो म्हणत होता. ते त्याला सिद्ध करता आले नाही. तरी जादा काम झाले आणि मालकाने ते वापरले हे दिसत होते, म्हणून चालू दराने त्याचे पैसे द्यावेत असे ठरले. ‘मिस्त्री, आलाच आहेस तर मागचा ओटाही करून दे’ या वाक्याची किंमत अशी कायद्यात ठरलेली आहे.

घरकुलाचा प्रकार जरा वेगळा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे, ठेकेदार लावायचा नाही, अशी मार्गदर्शक सूचना आहे. सपाट प्रदेशात मूळ मदत १ लाख २० हजार रुपये, ती कामाचे टप्पे मोबाइल ॲपवर फोटोने दाखवल्यावर हप्त्याहप्त्याने खात्यात येते. प्रत्यक्षात गावोगावचा मिस्त्रीच हे घर उभे करतो, आणि अनेकदा पुढच्या हप्त्याच्या भरवशावर स्वतःच्या खिशातून मजुरांचे भागवतो. हप्ता अडकला की मिस्त्री अडकतो. सूचना ठेकेदारीविरुद्ध आहे ती लाभार्थ्याची लूट थांबावी म्हणून. तिच्यात मिस्त्रीची मजुरी बुडवायला मुभा देणारे वाक्य नाही. उलट याच योजनेत गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे प्रशिक्षण आहे. ते केलेल्याला प्रमाणपत्र मिळते. आपल्याकडे गवंड्याच्या परवान्याच्या जवळ जाणारा कागद कुठला असेल तर तो हाच, आणि तो बंधनकारक नाही.

मग भारतात कागद नसल्यामुळे पैसे बुडतात असे कधीच होत नाही का? होते. आणि ज्या कागदामुळे होते त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते.

दोन मेहुणे मिळून एक कन्स्ट्रक्शन काढतात. स्टॅम्प पेपरवर भागीदारीपत्र होते, बँकेत खाते उघडते, गाडीवर नाव रंगवले जाते. भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे नोंदणी मात्र राहून जाते, कारण ती सक्तीची नाही. सक्तीची नाही हे खरे, पण १९३२ च्या भागीदारी कायद्याचे कलम ६९ सांगते की नोंदणी नसलेल्या फर्मला बाहेरच्या माणसाविरुद्ध करारावर आधारलेला दावा लावता येत नाही. तेव्हाच्या कायद्याने शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्याला सूट ठेवली होती. ती आजही तेवढीच आहे, म्हणजे हल्ली पोतेभर सिमेंटही तिच्यात बसत नाही. दिल्ली विकास प्राधिकरणाविरुद्ध कोचर कन्स्ट्रक्शन या फर्मने न्यायालयात धाव घेतली तेव्हा तिची नोंदणी नव्हती, मागाहून झाली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, मागाहूनच्या नोंदणीने आधी लावलेली केस सुधारत नाही. फर्म नोंदवा आणि मुदत उरली असेल तर नव्याने या.

२०१६ मध्ये याच कलमाने आणखी एक गंमत दाखवली. उमेश गोयल या ठेकेदाराच्या नोंदणी नसलेल्या फर्मने एका गृहनिर्माण सहकारी संस्थेचे बांधकाम केले होते. करारात लवादाची अट होती. फर्म लवादापुढे गेली, पैसे मंजूर झाले, आणि संस्थेने कलम ६९ पुढे केले. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, हे कलम न्यायालयातल्या दाव्याला आडवे येते, लवादापुढच्या कामकाजाला येत नाही. तीच फर्म, तेच काम, तेच पैसे. न्यायालयाच्या दारातून परत आणि लवादाच्या दारातून आत. कायदा करणाऱ्यांच्या मनात हे होते का, याची शंका घ्यायला जागा आहे. एकट्याच्या नावावर काम करणाऱ्या मिस्त्रीला कलम ६९ लागू नाही, हे इथेच सांगून टाकतो.

रेरा कायद्याची नोंदणी ही तिसरीच गोष्ट. ती भूखंड पाडून किंवा सदनिका बांधून विकणाऱ्या प्रवर्तकासाठी आहे. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर सूट आहे, एरवी महारेराकडे नोंदणी केल्याशिवाय जाहिरात, बुकिंग, विक्री करता येत नाही. दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या प्लॉटवर तुमचे घर बांधून देणाऱ्याचा तिच्याशी संबंध नाही.

कलम ७० मधला ‘कायदेशीरपणे’ हा शब्द मात्र विसरू नये. मंजुरीच नसलेल्या जागेवर, अतिक्रमणात, नगररचना कायद्याखाली पाडण्याची नोटीस आली असताना ज्याने मजला चढवला, त्याचा दावा लंगडा होतो. तिथे मालक म्हणू शकतो की काम मुळात बेकायदा होते. आणि इमारत पाडली गेली तर त्याने लाभ तरी कसला घेतला? वैनगंगेच्या चोरट्या रेतीवर उभे केलेले काम असेल तर महसूल खात्याची जप्ती आणि दंड ही वेगळी डोकेदुखी. मिस्त्रीने पायाला हात लावण्याआधी मंजुरीचा कागद डोळ्यांनी पाहावा, आणि शक्य तर मोबाइलमध्ये त्याचा फोटो घ्यावा.

माझ्या मते परवान्यापेक्षा मोठा अडसर पुराव्याचा आहे. मिस्त्रीचा हिशेब म्हणजे शाळेच्या पोराची जुनी वही. एका पानावर हजेरी : नावे, आणि पुढे उभ्या रेघा, अर्ध्या दिवसाला आडवा फाटा. दुसऱ्या पानावर उचल. तिसऱ्यावर मोजमाप : पाया अमुक फूट, भिंत नऊ इंची आणि साडेचार इंची वेगळी, स्लॅब चौरस फुटात, प्लास्टर आतले-बाहेरचे. मध्येच सेंट्रिंगवाल्याचा फोन नंबर. ही वही न्यायालयात चालते का?

चालते, पण एकटी चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतल्या नोंदी विचारात घेता येतात. केवळ त्या नोंदींवरून मात्र कोणावर देणे लादता येत नाही. जुन्या कायद्यात हेच कलम ३४ होते, आणि त्याचा सर्वांत गाजलेला अर्थ लागला तो १९९८ मध्ये, जैन हवाला डायऱ्यांच्या प्रकरणात. सुटे कागद म्हणजे वही नव्हे, आणि वहीतली नोंद सिद्ध झाली तरी तिला बाहेरचा आधार हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा म्हटले. देशातल्या बड्या पुढाऱ्यांना ज्या तत्त्वाने सोडवले, तेच तत्त्व तुमसरच्या मिस्त्रीच्या वहीलाही लागते. तेव्हा सुट्या चिठ्ठ्या नकोत, शिवलेली वही हवी, तारखा हव्यात.

बाहेरचा आधार कुठून येतो? सिमेंट-लोखंडाच्या दुकानदाराच्या बिलांतून, मालकाने पाठवलेल्या मोबाइल पेमेंटच्या नोंदींतून, ‘उद्या स्लॅब आहे, माणसं जास्त आणा’ अशा संदेशांतून. हे संदेश दाखल करायचे तर त्याच अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते. फोन फॉरमॅट केला की सारे गेले. आणि सगळ्यात बोलका साक्षीदार म्हणजे खुद्द घर. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ प्रमाणे न्यायालय आयुक्त नेमू शकते. तो टेप घेऊन येतो, दोन्ही बाजूंसमोर भिंती मोजतो, जिन्याच्या पायऱ्या मोजतो, कुठे प्लास्टर राहिले ते लिहितो. अहवाल हाती आला की ‘काम झालेच नाही’ हे म्हणणे टिकत नाही. आयुक्ताच्या टेपला लायसन कळत नाही, फूट आणि इंच कळतात.

मालकाची बाजूही असते, ती नाकारण्यात अर्थ नाही. स्लॅब गळत असेल, भिंत ओळंब्यात नसेल, चौकट तिरकी बसली असेल, तर तो दुरुस्तीचा खर्च वजा मागू शकतो, ग्राहक आयोगातही जाऊ शकतो. घरबांधणी ही सेवा आहे हे १९९३ पासून ठरलेले आहे. कलम ७० खाली मिळतो तो झालेल्या लाभाचा मोबदला. गळक्या स्लॅबचा लाभ कमी, म्हणून पैसेही कमी. परवाना नसलेल्याला पैसे मिळतात याचा अर्थ वाईट कामालाही पुरे पैसे मिळतात असा नव्हे. कॅलिफोर्नियाचा कायदा हे तारतम्य ठेवत नाही, आपला ठेवतो. मला आपला बरा वाटतो. घर पडून माणसे मेली तर मिस्त्रीला आधी कोणी तपासले होते का, या प्रश्नाला मात्र आपल्याकडे उत्तर नाही, आणि ही उणीव खरी आहे.

शेवटी मुदत. मुदत कायद्याच्या अनुसूचीतल्या अनुच्छेद १८ प्रमाणे, पैसे कधी द्यायचे हे ठरलेले नसेल तर झालेल्या कामाच्या मोबदल्याचा दावा काम झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. ‘धान विकला की देतो’, ‘बोनस आला की देतो’ यात दोन हंगाम सहज जातात. मुदत संपण्याआधी मालकाने देणे लेखी कबूल करून सही केली तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात. तोंडी वायद्याने एक दिवसही वाढत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती आणि जमातींतले लोक अशा काही गटांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. ज्यांचे पैसे अडले आहेत त्यांनी वहीत आधी काम संपल्याची तारीख शोधावी, आणि तीन वर्षे भरत आली असतील तर याच आठवड्यात अर्ज करावा.